जुन्या शर्यती नौकेचा हरवलेला वेग

शर्यतीची शिडाची नौका वीस-पंचवीस वर्षांची झाली की मालकाचे लक्ष आधी नव्या शिडांकडे जाते. परंतु तिचा बराचसा वेग पाण्याखाली हरवलेला असतो, त्यामुळे खर्चाची सुरुवात तळापासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

नौका पाण्याबाहेर काढल्यावर प्रथम तिच्या मजबुतीची खात्री करून घ्यावी. डेकवर लहान हातोडीने हलके ठोकत जावे. जिथे टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो, तिथे फायबरग्लासच्या थरांमधले बाल्सा लाकूड पाणी शोषून कुजले असण्याची शक्यता असते. असा डेक जड होतो आणि त्याची ताठरताही जाते. कीलचे (तळाखालच्या जड पात्याचे) बोल्ट आणि श्राउड, म्हणजे डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या तारा, जिथे नौकेला जोडलेल्या असतात त्या पट्ट्या यांच्याभोवती गंजाचे ओघळ दिसत असतील, तर वेगाचा विचार बाजूला ठेवून आधी ती दुरुस्ती करावी.

त्यानंतर तळ. वर्षानुवर्षे एकावर एक चढलेले अँटीफाउलिंग (तळावर शेवाळ व शिंपले चिकटू न देणाऱ्या) रंगाचे थर कोपरे गोल केलेल्या खरवडणीने काढावेत आणि उरलेला भाग पाण्याने ओला ठेवूनच घासावा, कारण या रंगातील तांब्याची धूळ विषारी असते. मास्क आणि हातमोजे घातल्याखेरीज हे काम करू नये. खोलगट जागा इपॉक्सीच्या हलक्या पुट्टीने भराव्यात व लांब, लवचिक पट्टीला पॉलिश पेपर लावून तिरकस दिशांनी घासाव्यात. आखूड ठोकळा उंचसखलपणाच्या मागोमाग फिरतो. लांब पट्टी मात्र उंचवटे कापते. शेवटी कठीण प्रकारचा रंग देऊन त्यावर ४०० नंबरचा पेपर पाण्यासह फिरवावा. मंद वाऱ्यात होणाऱ्या विरोधाचा मोठा भाग पृष्ठभागाच्या घर्षणाचा असल्याने ही मेहनत तिथेच सर्वाधिक जाणवते. जड बांध्याच्या नौकेची कमाल गती मात्र लांबीवर ठरते : पाणरेषेच्या फुटांतील लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की ती नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळते, म्हणजे २५ फुटांसाठी सुमारे ६.७ नॉट. गुळगुळीत तळ ही मर्यादा ओलांडून देत नाही, पण तिच्यापर्यंत लवकर पोहोचवतो.

कील आणि सुकाणू हे पाण्यातले पंखच असल्याने त्यांच्या दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात. प्लायवूडचा साचा कापून तो दोन्ही बाजूंना लावून पाहावा. मागची कडा जाड व गोल झालेली असल्यास ती साधारण दोन मिलिमीटरपर्यंत पातळ आणि चौकोनी करावी; सुकाणूची घरघर बऱ्याचदा एवढ्यानेच थांबते.

नाळेतला नांगर, साखळी व जादा सामान कीलजवळ खाली हलवल्यास लाटांवर नौका कमी डुलते.

डोलकाठीच्या पोलादी तारा दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या असतील, तर त्या बदलाव्यात. मग हॅलयार्डला (शीड वर चढवण्याच्या दोरीला) मोजपट्टी बांधून डोलकाठीचे टोक दोन्ही बाजूंपासून समान अंतरावर आणावे आणि वारा येतो त्या दिशेकडे तिरके जाताना, मध्यम वाऱ्यात, वाऱ्याआडची श्राउड किंचित ढिली पडेल इतकाच ताण ठेवावा. सुकाणू हाताला फार ओढत असेल, तर डोलकाठीचा मागचा कल थोडा कमी करून पाहावा.

शिडांची पाळी यानंतर येते. जुन्या डेक्रॉन (पॉलिएस्टर कापडाच्या) शिडाचा फुगवटा मागे सरकलेला असतो आणि हॅलयार्डचा ताण वाढवून तो काही अंशी पुढे आणता येतो. म्हणूनच नव्या शिडाआधी सहसा न ताणणारी डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याची हॅलयार्ड घेणे मला शहाणपणाचे वाटते. इंजिनाला घडी होणारा पंखा (प्रोपेलर) बसवणे किंवा कीलचा आकार बदलणे यांसारखे फेरफार करण्यापूर्वी नौकेच्या वर्गाचे व हँडिकॅपचे (वेगवेगळ्या नौकांच्या वेळा तुल्य करण्याच्या पद्धतीचे) नियम वाचावेत, कारण कमावलेला वेग गुणांकनात परत जाऊ शकतो.

प्रत्येक शर्यतीनंतर तारा, कप्प्या व शिडे गोड्या पाण्याने धुवावीत. वर्षातून एकदा विंच (दोऱ्या ताणण्याचे फिरते रहाट) उघडून साफ करावेत आणि त्यांच्या खिट्ट्यांना ग्रीस न लावता पातळ तेलच द्यावे, कारण ग्रीसमुळे त्या चिकटतात आणि ऐन ताणात विंच उलटा फिरू शकतो.