रोजच्या पक्ष्यांची नोंद अशी ठेवा, की पाच-दहा वर्षांनीही ती कामाला येईल

पक्षी बघायचा नाद लागला की पहिलं वर्षभर सगळ्यांचं एकच चालतं, आज नवीन काय दिसलं. मीपण तेच केलं. दुर्मिळ पाहुणा दिसला की फोटो, तारीख, जागा सगळं नीट लिहायचं आणि साळुंक्या किती होत्या ते कोण मोजतंय! पण आपल्या भागातले पक्षी वाढतायत का घटतायत हे त्या साळुंक्या, चिमण्या, पारवे आणि बुलबुलच सांगतात. वाट चुकून आलेल्या एका पक्ष्यामुळे दोन दिवस कॅमेऱ्यांची गर्दी होते, संख्येबद्दल मात्र त्यातून काहीच कळत नाही.

तर आधी जागा ठरवा, आणि ती भारी नको, जवळची हवी. तळ्याचा एक काठ, शेताचा बांध, बिल्डिंगमागचं मैदान, काहीही चालेल, फक्त कंटाळा आला तरी जाणं झालं पाहिजे. रस्ता तोच, वेळ साधारण तीच. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास बरा, पक्षी बोलत असतात आणि निम्मे तर आवाजावरूनच कळतात. दर आठवड्याला अर्धा तास जमला तरी पुष्कळ, महिन्यातून एकदा पाच तास भटकण्यापेक्षा ते बरं.

वहीत पक्ष्यांच्या आधी हे लिहायचं: सुरू किती वाजता, किती मिनिटं, किती चाललो, किती जण होतो, वारा-पाऊस काय होता. बोअर वाटतं, पण याच्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. अर्ध्या तासात २० बुलबुल आणि दोन तासांत २० बुलबुल हे सारखं कसं असेल? अमेरिकेत १९०० साली पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमननी नाताळातली पक्षीगणना सुरू केली, ती अजून चालू आहे, आणि तिथेसुद्धा जुन्या-नव्या वर्षांची तुलना करताना नुसते पक्षी बघत नाहीत तर किती गट किती तास फिरले त्याने भागतात, नाहीतर माणसं वाढली म्हणून पक्षी वाढले असं दिसायचं.

दुसरं म्हणजे यादी पूर्ण पाहिजे, ओळखू आलेला प्रत्येक पक्षी, कावळासुद्धा. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट आणि ॲप) लिस्ट टाकताना शेवटी विचारतात ना, ओळखता आलेले सगळे पक्षी दिलेत का म्हणून, तो प्रश्न आपण घाईत ओके करून टाकतो, पण खरी गंमत त्यातच आहे. यादी पूर्ण असेल तरच तिच्यात नसलेला पक्षी "दिसला नाही" असं धरता येतं. मग हिशोब अगदी सोपा: वर्षात ४० याद्या केल्या, त्यातल्या ३० मध्ये चिमणी आहे, म्हणजे ७५ टक्के. चार-पाच वर्षांनी तेवढ्याच फेऱ्यांत ती १० याद्यांवर आली तर काहीतरी झालंय, आणि याला तुमची आठवण लागत नाही. आठवणीवर तर मी बिलकूल विश्वास ठेवत नाही, लहानपणी सगळ्यांकडेच भरपूर चिमण्या असतात.

मोजायचं कसं? छोटा घोळका असेल तर सरळ एकेक. मोठा थवा असेल तर दहा पक्षी नीट मोजा, तेवढा तुकडा डोळ्यात बसवा आणि थव्यात असे किती तुकडे बसतात ते बघा. घिरट्या घालणारी घार चार वेळा दिसली म्हणून चार लिहू नका, एका वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसल्या तो आकडा घ्या. ओळख पटली नाही तर "बदक, नक्की माहीत नाही" असंच लिहा, ओढूनताणून नाव देऊ नका.

आता माझी फजिती. तिसऱ्या वर्षी माझ्या तळ्यावर बदकं एकदम वाढली, मी खूश, चार जणांना सांगूनही झालं, आणि मग लक्षात आलं की त्याच वर्षी मी चांगली दुर्बीण घेतली होती. बदकं तेवढीच, पलीकडच्या काठावरची आता दिसायला लागली एवढंच! तेव्हापासून दुर्बीण बदलली, आवाज ओळखणारं ॲप घेतलं, सोबत कान तयार असलेला मित्र आला, सगळं समासात लिहितो. वयानुसार उलटंही होतं, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात आणि आपण म्हणतो पक्षी गेले.

तुलना करताना महिना तोच घ्या. स्थलांतर करणारा धोबी पक्षी एका वर्षीच्या जानेवारीत होता आणि पुढच्या जूनमध्ये नाही, याला घट म्हणत नाहीत. एका वाईट वर्षावरून पण ठरवू नका, पाऊस कमी, तळं आटलं, पक्षी शेजारच्या पाण्यावर गेले असंही असतं. म्हणून जागेत काय बदललं तेही लिहा: झाडं तोडली, गवत जाळलं, नवे दिवे लागले, भटकी कुत्री वाढली.

या असल्या वह्यांचा उपयोग काय ते गिधाडांनी दाखवलं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकातले मोजलेले आकडे हाताशी होते, म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी गिधाडं किती झपाट्यानं गेली ते दाखवता आलं. कारण नंतर, २००४ मध्ये पुढे आलं, गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली. उलटंही घडतं बरं का, मानेवर काळी पट्टी असलेला कॉलर्ड डव्ह हा होला विसाव्या शतकात युरोपभर पसरत गेला आणि १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा त्यानं घरटं केलं, आज तिथे तो नेहमीचा पक्षी आहे.

एक राहिलंच, घरटं सापडलं तर नोंद जरूर करा, पण नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका आणि फोटोसाठी मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढू नका. आणि वहीचे फोटो काढून कुठेतरी सेव्ह करून ठेवा, माझं एक अख्खं वर्ष पावसात भिजून गेलंय.