साइटवर अपघात झाला? भरपाई हातची घालवणाऱ्या या चुका टाळा

सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकमध्ये बांधकामं जोरात आहेत. पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगाव, कुठेही बघा, स्लॅबवर स्लॅब चढताहेत. पेठ-सुरगाण्याहून आलेला बिगारी परांचीवरून किंवा लिफ्टच्या डक्टमध्ये पडला की पहिली धावपळ उपचारांचीच होणार. पण भरपाईची केस कोर्टात जाण्याआधीच बिघडते, ती दवाखान्याच्या केसपेपरवर.

"घरी पडला" असं सांगणं

मुकादम सोबत येतो आणि तोच बोलतो. "पोलिसांचं लचांड कशाला, खर्च आम्ही करतो ना." डॉक्टर ऐकलं ते लिहितात आणि पुढे समोरचा वकील नेमका तोच कागद काढतो. म्हणून जखमीने, तो शुद्धीवर नसेल तर नातेवाइकाने, स्वतः सांगावं: कुठली साइट, कितवा मजला, किती वाजता. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय केस) नोंद करायला लावा आणि पोलिसांना जबाब द्या. आधीच चुकीचं लिहिलं गेलं असेल तर जबाबात खरं काय ते सांगा आणि दवाखान्यातही लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. जितका उशीर, तितका संशय.

त्याच दिवशी एखाद्या सोबत्याने साइटचे फोटो काढावेत. परांची दुसऱ्या दिवशी उतरवलेली असते, डक्टला रातोरात फळ्या लागतात. गेटवरच्या फलकाचाही फोटो हवा, कारण बिल्डरचं नाव आणि महारेरा क्रमांक तिथेच सापडतो.

स्टॅम्प पेपरवर सही

पाचशेच्या स्टॅम्पवर "पन्नास हजार मिळाले, काही तक्रार नाही" असं लिहून घेतात. घरात चूल थंड असताना पैसे नाकारा, असं मी म्हणणार नाही. पैसे घ्या, पण हक्क सोडल्याच्या कागदावर सही करू नका. केलीच असेल तरी घाबरू नका: हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. मृत्यूची भरपाई तर भरपाईचे दावे ऐकणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते.

हिशेब बघा. तीस वर्षांचा कामगार, महिन्याची मजुरी 15,000 धरली, तर मृत्यूसाठी मजुरीच्या निम्मे गुणिले कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे वयाचा गुणक 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी 60 टक्के. आता त्या पन्नास हजारांकडे पुन्हा बघा.

"ठेकेदार पळाला" म्हणून गप्प बसणं

ठेकेदाराच्या मजुरासाठी मूळ काम देणाऱ्याकडेही भरपाई मागता येते. तो ठेकेदाराकडून वसूल करेल, ती त्यांची बाब. हजेरीवहीत नाव नसेल तर मुकादमाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, फोनपेवर आलेली मजुरी, सोबत्यांचे जबाब उपयोगी पडतात. "हेल्मेट घातलं नव्हतं" हे कारण मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात चालत नाही. इतर दुखापतीतही मुद्दाम नियम मोडला, हे मालकाला दाखवावं लागतं.

मुदत आणि कार्ड

दावा दोन वर्षांच्या आत करायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या भरपाई कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण मुदत तीच राहिली. भरपाई देय झाल्यापासून महिन्यात मिळाली नाही तर 12 टक्के व्याज लागू होतं. गावी परतलात तरी राहत्या ठिकाणाहून दावा करता येतो. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) विमा असेल तर मात्र लाभ तिकडूनच घ्यावे लागतात. पोलीस केस झाली की पैसे आपोआप येतील, असं समजू नका. दावा वेगळा लावावा लागतो.

बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड बरेच जण भांड्यांच्या संचासाठी काढतात आणि नूतनीकरण विसरतात. कामावर मृत्यू झाल्यास वारसांना मंडळाकडून 5 लाखांची मदत आहे, पण नोंदणी चालू हवी. ही मदत मालकाच्या भरपाईपेक्षा वेगळी आहे. एक मिळाली म्हणून दुसरी सोडू नका.

वकिलाला पैसे नसतील तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. जाताना केसपेपर, जबाबाची प्रत, आधार कार्ड आणि ते फोटो सोबत ठेवा.