कालव्यावर बागायतीला गेलेल्या पणजोबांचा माग कसा काढावा

सासवड आणि आसपासच्या गावांतली माळी कुटुंबं आधी नीरेच्या डाव्या कालव्यावर उतरली, मग गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर आणि अकलूजकडे सरकली. त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं चालवली. त्यांच्या पणतवंडांना आज घराण्याचा इतिहास लिहायचा असतो, पण बहुतेकांचा शोध पहिल्याच कचेरीत अडतो, कारण जुन्या सातबाऱ्यावर मालकाच्या जागी पणजोबांचं नाव सापडत नाही. ते तिथे असायचं कारणच नव्हतं. जमीन मालकाची होती आणि पणजोबा ती कसत होते. त्यामुळे त्यांना कसणाऱ्याच्या रकान्यात शोधायचं.

आधी पाण्याचं साल बघा

कचेरीत जाण्यापूर्वी घरात सांगितलं जाणारं साल कालव्याच्या सालाशी ताडून पाहा. नीरा डावा कालवा 1885 चा आहे. गोदावरीचे कालवे नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून निघतात आणि त्यांना पाणी पुरवणारं दारणा धरण 1916 चं. प्रवरेवरचं भंडारदरा धरण 1926 ला पूर्ण झालं, मात्र त्याआधीही कालव्याला थोडंफार पाणी सुटत होतं. ‘पणजोबा 1905 ला कोपरगावात कालव्याच्या पाण्यावर ऊस करत होते’ असं घरात सांगत असतील, तर एक तर साल चुकलंय किंवा तो ऊस विहिरीवरचा होता. तिसरी शक्यता सगळ्यात जास्त आढळते: 1905 ला ते नीरेवर होते आणि कोपरगावला नंतर आले. दोन मुक्कामांची आठवण एकात मिसळते. म्हणून मधलं गाव कोणतं, हा प्रश्न सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवा.

घरातले पुरावे

माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढा. चिंच-मीठ लावून काठ स्वच्छ करा आणि तिरप्या उजेडात धरा. टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, गाव आणि पुष्कळदा सालही दिसतं. लग्नात आलेल्या हंड्या-घागरीवर देणाऱ्याचं नाव आणि ‘मु.’ लिहून गाव असतं, म्हणजे पणजीच्या माहेरचा किंवा मूळ भावकीचा धागा तिथेच हाती येतो. फोटो काढण्याआधी कोरलेल्या अक्षरांवर पिठाचं बोट फिरवा, अक्षरं उठून दिसतात. घासून पॉलिश करू नका. जुनी टिंबं उथळ असतात, ती कायमची जातात.

मग वडीलधाऱ्यांना विचारा. ‘मूळ गाव कोणतं?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं. त्यापेक्षा कोणाकोणाच्या मयताचं दहा दिवसांचं सुतक धरतात, कुलदैवताला कोण कोण बरोबर जातं आणि जत्रेला कोणत्या गावी जायचं, हे विचारा. सुतक जिथवर पोचतं तिथवर भावकी आहे, आणि त्या भावकीतलं एखादं घर मूळ गावी अजून टिकून असतं.

जमिनीचे कागद, आजपासून मागे

1. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्या. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे गट नंबर सांगून 1930 चा कागद मिळत नाही. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा (बोलताना ‘नऊ-तीन, नऊ-चार’) मागा. त्यात जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा असतो.

2. त्या सर्व्हे नंबरचे हस्तलिखित सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून घ्या. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि सालांची मुदत नेमकी लिहा. ‘सर्व जुने कागद’ असं लिहिलेला अर्ज महिनोन्महिने फिरतो. बऱ्याच तालुक्यांचे कागद स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर आले आहेत, तिथे आधी पाहा.

3. उताऱ्याचा बाराचा भाग (खालचा, पिकांच्या नोंदींचा) वर्षावर्षाने वाचा. ‘जमीन करणाराचे नाव’, ‘रीत’, पीक आणि पाण्याचं साधन हे चार रकाने महत्त्वाचे. रीत 3 म्हणजे जमीन कुळाकडे होती. पिकात ऊस, साधनात कालवा आणि करणाऱ्यात पणजोबांचं नाव, अशी ओळ ज्या वर्षी पहिल्यांदा दिसते ते त्या गावातलं त्यांचं पहिलं पक्कं साल. वरच्या सातच्या भागातला ‘इतर हक्क’ रकानाही सोडू नका. खंडाची मुदत, तगाई (सरकारी शेतीकर्ज), सोसायटीचा बोजा तिथे नोंदलेला असतो.

4. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे असतात. प्रत्येक आकड्याचा फेरफार काढा. वारसाच्या फेरफारात मयत झाल्याची तारीख आणि सगळ्या मुलामुलींची नावं मिळतात. वंशावळ जुळवायला यापेक्षा चांगला कागद क्वचितच सापडतो.

5. सातबाऱ्याच्या आधीच्या काळासाठी कडईपत्रक मागा.

दुय्यम निबंधकांकडेही एक फेरी मारा. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांची यादी, मिळकतीवरून शोधता येते. लांब मुदतीची खंडपत्रं तिथे सापडतात, आणि त्यात पणजोबांचं ‘हल्ली मुक्काम’ व ‘मूळ राहणार’ ही दोन्ही गावं एकाच ओळीत मिळू शकतात.

एक गोष्ट पुष्कळांना कोड्यात टाकते. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, कुळं मालक झाली. मग वीस वर्षं ऊस केलेले आपले पणजोबा का झाले नाहीत? कुळकायद्याच्या कलम 43-अ प्रमाणे उसासाठी खंडाने दिलेल्या जमिनींना ती खरेदीची कलमं लागू झाली नाहीत. त्यामुळे 32-ग चा (कुळाच्या खरेदीची किंमत ठरवणारा) निकाल मिळाला नाही म्हणजे पणजोबा तिथे नव्हतेच, असा अर्थ काढू नका. ‘खंडकरी’ शब्दाचंही तसंच आहे. नगर-सोलापूरकडे साखर कारखान्यांना जमीन खंडाने *देणाऱ्या* मूळ मालकाला खंडकरी म्हणतात. त्या जमिनी पुढे शेती महामंडळाकडे गेल्या. कागदात हा शब्द दिसला की आपलं घराणं देणारं होतं की घेणारं, हे आधी ठरवा.

शाळा आणि कोतवाल बुक

स्थलांतराचं साल ठरवायला प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर फार उपयोगी पडतं. आजोबांच्या पिढीतल्या सगळ्या भावंडांचे दाखले काढा. जन्मस्थळ आणि पूर्वीची शाळा हे रकाने बघा. थोरला भाऊ सासवडला जन्मलेला, मधला माळेगावला आणि धाकटा बेलापूरला, असं दिसलं की कुटुंबाचा प्रवास समोर उभा राहतो. जन्म-मृत्यूसाठी तहसीलमधला जुना गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, मागा. गावांची नावं आणि तालुके बदललेत हे लक्षात ठेवा. श्रीरामपूरचे जुने उल्लेख ‘बेलापूर रोड’ असे येतात आणि आजच्या राहाता तालुक्यातल्या बहुतेक गावांचे जुने कागद कोपरगावच्या दप्तरात शोधावे लागतात.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या मूळ गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात. तिथे कालव्यावरचं गाव सांगितलं की ‘नोंद नाही’ असं उत्तर मिळतं. मूळ गाव पक्कं झाल्यावरच जा.

नाव वाचताना होणाऱ्या चुका

‘रामा बिन सखाराम माळी’ यात बिन म्हणजे चा मुलगा. काही कागदांत त्याच अर्थाने ‘वलद’ येतं. बाईच्या नावापुढचं ‘कोम’ म्हणजे ची बायको. आडनावाच्या जागी जात किंवा ‘सासवडकर’ असं गाव लिहिलेलं असतं, म्हणून आडनावावरून शोधू नका. नाव, बापाचं नाव आणि गाव ही तिन्ही जुळवा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. या एका नावामागे चार भाऊ असू शकतात, आणि तुमचे पणजोबा त्यातले धाकटे असतील तर त्यांचं नाव वाटणीच्या फेरफारापर्यंत येणारच नाही. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या वारसाचा पालनकर्ता. पुष्कळदा ती आई असते, आणि बाप लवकर गेला हे त्यावरूनच कळतं.

मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक धरत नाहीत. अंदाजाने वाचण्यापेक्षा जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि शंकास्पद अक्षराखाली रेघ मारायला सांगा. फसली (जुन्या महसुली) सालात 590 मिळवले की इसवी सन येतो: फसली 1336 म्हणजे 1926-27. शकात 78 मिळवा. क्षेत्र एकर-गुंठ्यात (40 गुंठ्यांचा एकर) आणि आकार (जमिनीचा सारा) रुपये-आणे-पैत असतो. ‘4 आणे हिस्सा’ म्हणजे पाव हिस्सा.

वहीत मांडताना

दर सालाला एक ओळ द्या: साल, गाव, सर्व्हे नंबर, कोणत्या रकान्यात नाव, सोबत आणखी कोणाची नावं, कागद कुठल्या कचेरीतला आणि पान कितवं. तोंडी माहिती वेगळ्या रंगात लिहा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. दोन कागदांत साल वेगळं आलं तर दोन्ही ठेवा, एक खोडू नका. ज्या वर्षांची ओळ रिकामी राहील ती वर्षं घेऊन पुन्हा नीरेकाठच्या मधल्या गावाच्या बाराच्या रकान्यांकडे जा; पणजोबा तिथे दुसऱ्याच मालकाच्या सर्व्हे नंबरात ऊस करताना सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.