नांगराची ओढ मोजायची तर दोन ट्रॅक्टर लागतात

थ्री पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या तीन दांड्यांच्या जोडणीला, जोडलेला नांगर आणि ट्रॅक्टर यांच्या मधे ओढ मोजायचा काटा लावायला जागाच नसते. म्हणून नांगर मागच्या ट्रॅक्टरला जोडून तो ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवायचा, पुढच्याने साखळीने ओढायचा आणि काटा त्या साखळीत घालायचा.

दोन फाळी पलटी नांगराला 2 टनी एस-आकाराचा लोडसेल (ताण आकड्यात दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा) पुरतो. स्प्रिंगचा डायलकाटा बैलाच्या वखराला ठीक; ट्रॅक्टरवर त्याची सुई इतकी नाचते की दोघे वाचतील ते दोन आकडे. आधी लोडसेल उंच टांगून वजन केलेली पोती एकेक करून चढवा, मग उतरवा. चढता-उतरता आकडा जुळला पाहिजे.

साखळी जमिनीला समांतर हवी. 10 अंश कललेली असली तर दीडच टक्का फरक पडतो, 20 अंशांना मात्र सहा टक्के. शून्य नेहमी साखळी सैल असताना करा. लोडसेलला वळसा घालून दुसरी सैल साखळी बांधा आणि ओढीच्या रेषेत कुणालाही उभे राहू देऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो हायड्रॉलिकमुळे. ओढीप्रमाणे नांगर वर-खाली करणारा ड्राफ्ट कंट्रोल चालू राहिला तर जमीन कडक लागताच नांगर आपोआप वर येतो आणि ओढ कमी दिसते. नांगर ठरल्या उंचीवर धरणाऱ्या पोझिशन कंट्रोलवरच ठेवा, मागचे इंजिन चालू राहू द्या, मागच्या ट्रॅक्टरची फोर-व्हील ड्राइव्ह बंद करा.

वाफशावर पहिले 5 मीटर सोडून पुढचे 20 मीटर मोजा, वेळही धरा. खोली न नांगरलेल्या पृष्ठापासून तासाच्या (नांगराने पाडलेल्या चराच्या) तळापर्यंत, निदान दहा ठिकाणी. मग नुसत्या ट्रॅक्टरची ओढ वजा करण्यासाठी नांगर उचलून त्याच वेगाने पुन्हा ओढा, पण एका बाजूची चाके तासातच ठेवून. सपाटीवर ओढलात तर वजावट चुकते.

समजा भारी काळ्या जमिनीत सरासरी 1040 किलो आली, नांगर उचलून 210. ओढ 830 किलो, म्हणजे सुमारे 8.1 किलोन्यूटन. 20 मीटरला 18 सेकंद लागले तर वेग सेकंदाला 1.11 मीटर, 830 ला 1.11 ने गुणून 75 ने भागले की 12.3 अश्वशक्ती. रुंदी 60 आणि खोली 18 सेंटिमीटर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला 0.77 किलो. दोन नांगरांची तुलना याच शेवटच्या आकड्यावर करावी, नाहीतर उथळ चालणारा नांगर उगाच हलका ठरतो.

रोटाव्हेटरला ही पद्धत लावू नका. त्याची पाती ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. तिथे पीटीओचा, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या दांड्याचा, टॉर्क (पीळ) मोजावा लागतो.