वकील न घेता खटला लढवताय? अपिलाची तयारी पहिल्या तारखेपासून

गोव्यातल्या डिचोलीच्या कोर्टात मी कारकुनी केली. माडाच्या हद्दीवरून मारामारी झालेले एक काका वकील न घेता उभे राहिले. साक्षीदाराला एक प्रश्न नाही, नुसतं भाषण! शिक्षा झाली. अपिलात म्हणाले, "तो साक्षीदार तेव्हा फोंड्याला होता." पण हे साक्षीदाराला विचारलंच नव्हतं, मग कागदावर येणार कुठून?

अपील कोर्ट मुख्यतः खालच्या कोर्टातले कागदच वाचतं. म्हणून उलटतपासणीत छोटे प्रश्न विचारा: "त्या दिवशी तुम्ही फोंड्याला होता, खरं ना?" तो नाही म्हणाला तरी चालेल, तुमचा बचाव नोंदला गेला. जबाब इंग्रजीत लिहिला जातो. तुम्हाला समजेल अशा भाषेत, मराठीत किंवा कोंकणीत, समजावून मागा. संकोच कसला?

मोफत वकिलाबद्दल तुम्हाला विचारलं का, तेही रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) आलंय का पाहा. नको म्हटलंत तर नंतर तक्रारीला फारसा जोर राहत नाही.

गुन्हा कबूल करून बसू नका. मग अपील बहुधा शिक्षेपुरतंच उरतं.

कैदेची शिक्षा झाली तर निकालाची प्रत लगेच, फुकट मिळते. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील, उच्च न्यायालयात असेल तर ६०. सोबत शिक्षा स्थगितीचा अर्ज जोडा. काकांनी तो जोडला नव्हता, आणि चवथ (गणेश चतुर्थी) कोलवाळच्या तुरुंगात गेली.