गाडीचं डीटेलिंग झाल्यावर टिप देताना या चुका टाळा

मागे एकदा गाडी इंटिरिअर डीटेलिंगला, म्हणजे आतून कानाकोपरा साफ करायला, दिली होती आणि मी तिथेच काचेपलीकडे बसलो होतो. एक दादा डिकीत गुडघ्यावर बसून रबरी हातमोजा कार्पेटवरून एकाच दिशेने ओढत होते, कारण आमच्या कुत्र्याचे केस कार्पेटमध्ये असे रुततात की नुसत्या व्हॅक्यूमने हलत पण नाहीत, आधी असे ओढून त्यांचा गोळा करावा लागतो. पाऊण तास नुसती डिकीच चालली होती. मग मी बिल भरलं, काउंटरवर टिप ठेवली, "आतल्या लोकांना द्या" म्हटलं आणि निघालो. पुढच्या खेपेला त्याच दादांशी बोलता बोलता कळलं की त्यांना काहीच मिळालं नव्हतं. फार वाईट वाटलं मला, चार पावलं आत जाऊन त्यांच्या हातात द्यायला काय झालं होतं?

म्हणून सगळ्यात मोठी चूक मी हीच मानतो, ज्याने चावी हातात दिली त्यालाच टिप देऊन मोकळं होणं. बऱ्याचदा बाहेरून धुणारा वेगळा, आतून साफ करणारा वेगळा, पॉलिश करणारा तिसराच, आणि चावी देणाऱ्याने गाडीला हातही लावलेला नसतो. सरळ विचारायचं, "गाडीवर कोण कोण होतं?" सुटे घरूनच न्यायचे म्हणजे वेगवेगळं देता येतं, आणि एकाकडेच द्यायची वेळ आली तर सगळ्यांसमोर "हे तिघांचं आहे बरं का" असं म्हणून द्यायचं. कार्डने टिप दिली तर ते पैसे आधी दुकानाच्या खात्यात जातात, पुढे कसे वाटतात ते विचारायला लाजू नका. कॅश नसेल तर त्या माणसाचा स्वतःचा क्यूआर कोड मागा. आणि हो, बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते बघा, असेल तर तो स्टाफला जातो का तेही विचारा.

दुसरी चूक म्हणजे डोळे झाकून बिलाचा टक्का काढणं. जिथे टिपची पद्धत आहे तिथे साधारण 10 ते 20 टक्के धरतात आणि वॉश किंवा इंटिरिअरच्या कामाला ते ठीकच आहे. पण सिरॅमिक कोटिंगच्या (रंगावर चढवायच्या संरक्षक थराच्या) बिलात केमिकलचा आणि वॉरंटीचा पण भाग असतो, तिथे टक्का मोजला तर आकडा उगाच फुगतो आणि मग लोक घाबरून काहीच देत नाहीत! तिथे किती जणांनी किती तास घातले ते बघून एक ठराविक रक्कम द्यावी. पेंट करेक्शनला, म्हणजे रंगावरचे बारीक ओरखडे घासून काढायला, तर एकेक पॅनल आधी जाडसर कंपाउंड, मग पॉलिश, मग लाइट मारून तपासणी असं चालतं, दिवस-दोन दिवस सहज जातात. उलट पॅकेज स्वस्त असेल पण सीटवर दूध सांडलेलं असेल, तर ते कापडातून खालच्या फोममध्ये उतरलेलं असतं आणि वास जायला परत परत पाणी मारून मशीनने ओढून काढावं लागतं, तिथे टक्क्यापेक्षा जास्तच द्या. डिस्काउंट मिळाला असेल तर मूळ किमतीवर मोजा, मेहनत काही डिस्काउंटमध्ये झालेली नसते.

गाडी न बघता टिप देऊ नका. शेडमध्ये सगळं चकाचक दिसतं, बारीक गोल ओरखडे उन्हात नीट दिसतात, म्हणून गाडी बाहेर काढून बघा, दरवाजांच्या कडा, सीटखालचे रूळ, काचेची आतली बाजू. काही राहिलं असेल तर तिथेच सांगा, बहुतेक वेळा पाच मिनिटांत करून देतात. न बोलता टिप कापून निघून जाणं मला अजिबात पटत नाही, त्यांना कळतही नाही काय चुकलं आणि तुमचं काम पण अर्धवटच राहतं. घरी आल्यावर लक्षात आलं तर लगेच फोटो पाठवा आणि परत करून मागा, दिलेल्या टिपचा विषय काढू नका. आणि नख अडकेल एवढा खोल ओरखडा पॉलिशने सहसा जातच नाही, तो राहिला म्हणून कोणाची टिप कापू नका.

कप होल्डरमधली चिल्लर म्हणजे टिप, असं काही जण मनातल्या मनात धरतात. तसं करू नका, प्रामाणिक माणूस ती पिशवीत घालून परतच देणार. ते पैसे गाडी द्यायच्या आधीच काढून घ्या.

मालक स्वतःच काम करत असेल तर टिप दिलीच पाहिजे असं नाही, रेट त्यानेच ठरवलेला असतो. दिलीत तर अपमान पण होत नाही.

कोणी नको म्हणालं तर खिशात कोंबू नका, काही ठिकाणी घ्यायला बंदी असते आणि नंतर त्या माणसालाच ऐकून घ्यावं लागतं. मॅनेजरसमोर नाव घेऊन सांगा, "डिकी यांनी केली, एक केस नाही राहिला", आणि रिव्ह्यू लिहाल त्यात पण त्यांना विचारून नाव टाका. त्या डिकीवाल्या दादांना मी आता गाडी ताब्यात घेतानाच शोधतो, आणि ते सुट्टीवर असले तर त्यांच्या टिपचं पाकीट पुढच्या खेपेपर्यंत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून देतो.