नीट झाली, आता अभ्यास कशासाठी?

एमबीबीएसला प्रवेश मिळाला म्हणून अभ्यासाची ओढ आपोआप लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नीट या प्रवेश परीक्षेला 720 पैकी मार्क, रँक, कटऑफ, कॉलेज अशी शिडी समोर उभी असते. फर्स्ट इयरला ती काढून घेतली जाते. बॅचमधले सगळेच आपापल्या शाळेतले पहिले. पहिल्या टर्मिनल परीक्षेला काठावर पास झालं की 'आपल्यात मोटिव्हेशनच नाही' असं वाटायला लागतं. जुनं संपलेलं असतं आणि नवं तयार व्हायला वेळ लागतो, एवढंच. ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या नसांचं जाळं, तीनदा वाचूनही पुसला जात असेल तर घाबरू नका, सगळ्यांचाच पुसला जातो.

खरा खड्डा पुढे, सेकंड इयरला. शिडीची सवय लागलेल्याला लगेच दुसरी सापडते: नीट पीजी, एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. 200 प्रश्न, 800 मार्क. सीनियर सांगतात, तयारीचं अ‍ॅप आत्ताच घे, ग्रुपने घेतलं तर स्वस्त पडतं. मग वॉर्डचं पोस्टिंग हजेरीपुरतं उरतं. प्रॅक्टिकलला 80 टक्के लागतात म्हणून सही करायची, मागच्या जिन्याने लायब्ररी गाठायची आणि दीडपट वेगाने व्हिडिओ लावायचे. माझं सेकंड इयर बरंचसं असंच गेलं. रात्री अ‍ॅपवर हिरव्या टिका दिसायच्या, म्हणजे अभ्यास जोरात चालला आहे! पण ते समाधान व्हिडिओ संपल्याचं असतं, विषय कळल्याचं नाही. प्रश्नात निदान चार पर्यायांमध्ये आयतं लिहिलेलं असतं. पेशंट पर्याय देत नाही. त्यात शिकायचं कारण 'पीजीची सीट' एवढंच असलं, की एक मॉक टेस्ट वाईट गेली तरी पुस्तक उघडवत नाही. पीजीला अजून साडेतीन-चार वर्षं असतात, आणि इतकी वर्षं नुसत्या भीतीवर अभ्यास होत नाही. करून बघू नका.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांची मांडणी इथे चपखल बसते. माणूस आतून शिकतो ते तीन गोष्टींवर: हे मी निवडलंय, हे मला जमतंय, आणि माझी माणसं सोबत आहेत. हेडफोन लावून खोलीत बसल्यावर यातलं काय मिळतं, तुम्हीच सांगा.

माझी गाडी रुळावर आली ती मेडिसिनच्या फिमेल वॉर्डात. मायट्रल स्टेनोसिसच्या, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झालेल्या, एक बाई होत्या. पुस्तकातला प्रश्न विचारला, "झोपताना उशा किती लागतात?" त्या म्हणाल्या, "उशी कुठली बाळा, रात्रभर भिंतीला टेकून बसते." ऑर्थोप्निया, म्हणजे आडवं पडलं की दम लागणं, तो हाच. रेसिडेंट (पीजी करणाऱ्या डॉक्टर) मॅडमनी त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोची बेल टेकवली, श्वास सोडून थांबायला सांगितलं आणि मर्मर, म्हणजे त्या झडपेचा आवाज, ऐकवला. केसपेपरवर दर 21 दिवसांनी बेन्झाथीन पेनिसिलीन लिहिलं होतं. 21च का? रात्री फार्मा, म्हणजे औषधशास्त्राचं पुस्तक, उघडलं: हे इंजेक्शन स्नायूतून रक्तात अगदी सावकाश उतरतं, आठवडेच्या आठवडे. तिथून मायक्रोबायोलॉजीतला स्ट्रेप्टोकोकस, ज्या जंतूपासून हा आजार सुरू होतो तो, आणि पॅथॉलॉजीतली अ‍ॅशॉफ बॉडी, या आजाराची हृदयात सापडणारी खूण. एका बाईंमागे तीन विषय वाचून झाले, कोणी सांगितलेलं नसताना.

तेव्हा रोज एक पेशंट. हिस्टरी, म्हणजे आजाराची हकीकत, स्वतः विचारून घ्यायची, मित्राच्या जर्नलमधून उतरवायची नाही. रात्री त्याच आजाराचं वाचन, मग त्यावरचे एमसीक्यू, म्हणजे चार पर्यायांचे प्रश्न. एमसीक्यूंशी माझं वैर नाही, फायनल इयरला आणि इंटर्नशिपमध्ये ते लागतातच. फक्त आधी पेशंट.

आणि गोल्ड मेडलिस्टच्या नोट्सच्या झेरॉक्समागे धावणं सोडा. सेकंड इयरचा रेसिडेंट गाठा. पहिल्या वर्षाच्याला झोप नसते, तिसऱ्याच्या डोक्यात थीसिस आणि परीक्षा. सकाळी ब्लड कलेक्शनला हात लावलात तर दुसऱ्या वर्षाचा मनापासून शिकवतो. मोठ्या राउंडला मागच्या रांगेत उभं राहून तसंही काही ऐकू येत नाही.

एवढं करूनही आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल, तर त्याला मोटिव्हेशन कमी पडलं म्हणू नका. आपल्याच हॉस्पिटलात सायकियाट्रीची ओपीडी आहे, केसपेपर काढा. रांगेत बॅचमेट भेटला तर भेटला. तोही त्याच कामाला आलेला असेल.